रिपोर्ट घरच्यांच्या आधी वाडीच्या ग्रुपवर. चौकशी कशी लावायची?

केवड्याची_वाट

माझी चुलत बहीण सिंधुदुर्गात एका काजू कारखान्यात कामाला आहे. खोकला बरा होईना म्हणून तालुक्याच्या एका खासगी हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली. नमुना तिथल्या कलेक्शन सेंटरवरून बाहेरगावच्या लॅबला गेला आणि क्षयरोग निघाला.

डॉक्टरांनी आम्हाला बोलावून हे सांगितलं, त्याच्या आदल्या संध्याकाळीच रिपोर्टचा फोटो वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. नाव, वय, गाव, सगळं वाचता येतंय. खाली एकाने 'सर्वांनी काळजी घ्या' असं लिहून हात जोडलेत. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मालकाने तिला 'बरी झालीस की ये' म्हणत घरी बसवलं.

हॉस्पिटल म्हणतं, आमच्याकडून गेलं नाही, लॅबला विचारा. लॅब म्हणते, आम्ही फक्त डॉक्टरांना पाठवतो. कलेक्शन सेंटरवाला फोनच उचलत नाही.

मला तमाशा करायचा नाही, नीट चौकशी हवी आहे. हे कुठून फुटलं ते शोधायचं कसं आणि अर्ज कुणाकडे करायचा? हॉस्पिटलचं किंवा लॅबचं नाव इथे लिहिणार नाही. कृपया अंदाजही बांधू नका.

गजालीवालो

अगो बाय, गावात कोणाक ताप इलो तरी सांजपर्यंत बाजारात कळता, त्येका रिपोर्ट कित्याक होयो? पण चेष्टा रवांदे. कोविडाच्या टायमाक आमच्याकडे मुंबयसून इल्ल्यांची यादी नावागावासकट फिरली. एका घराक लोकांनी दूध घालूचा बंद केल्यानी. ती यादी खयसून सुटली, कोणी इचारल्यान? कायेक नाय. तू इचारतस ह्या बरा करतस.

मुंबईचा_चाकरमानी

सरळ हॉस्पिटलचं नाव टाका फेसबुकवर. दोन हजार शेअर झाले की धावत येतील माफी मागायला. अर्जफाटे करून काही होत नाही आपल्याकडे.

रजिस्टरवाले_अण्णा

चाकरमानी साहेब, नावासकट पोस्ट फिरवली की तिच्या मागोमाग त्या मुलीचा आजारही आणखी दोन हजार जणांना कळणार. तो मार्ग बंद.

मी सरकारी रुग्णालयात रेकॉर्ड विभागात आयुष्य काढलं. चौकशी समितीपुढे कागद मांडणारा बहुतेक वेळा मीच असायचो. त्यावरून सांगतो. लोक पहिला प्रश्न विचारतात, 'कोणी केलं?' तो शेवटी विचारायचा. आधी विचारायचं, 'कुठली प्रत फुटली?' एका रिपोर्टच्या चार-पाच प्रती असतात: लॅबच्या संगणकातली, डॉक्टरच्या मोबाइलवरची, केसपेपरला लावलेली छापील, कलेक्शन सेंटरच्या फाइलमधली, रुग्णाच्या मोबाइलवर लिंकने आलेली. प्रत्येकीचा रंगढंग वेगळा. बाहेर पडलेला फोटो कुठल्या प्रतीचा ते ठरलं की संशयाचं वर्तुळ निम्म्याने आवळतं.

तेव्हा आधी एवढं करा. ग्रुपमधून बाहेर पडू नका आणि मेसेज पुसू नका. ज्याच्या फोनवर तो आहे तो फोन तसाच सांभाळा, उद्या पुरावा म्हणून लागला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. ग्रुपवर सर्वांत आधी कुणी टाकला, किती वाजता, त्यावर 'फॉरवर्डेड' लिहिलंय का, हे वहीत लिहून ठेवा. टाकणाऱ्याला शिव्या न देता विचारा, तुला कुणी पाठवला? बहुतेक जण सांगतात, कारण त्यांना वाटतं आपण काही चुकीचं केलेलं नाही.

आता मला सांगा:
फोटो कागदाचा आहे, स्क्रीनचा आहे की पीडीएफच आहे?
खाली डॉक्टरांची सही आहे का?
छापल्याची वेळ दिसते का?
आणि नमुना देताना फॉर्मवर मोबाइल नंबर कुणाचा लिहिला होता?

शेवटचा प्रश्न फालतू वाटेल. पण आपल्याकडे बाईमाणसाला घेऊन आलेल्या रिक्षावाल्याचा, शेजाऱ्याचा, कुणाचाही नंबर फॉर्मवर पडतो आणि रिपोर्टची लिंक त्याच्याकडे जाते. अशा वेळी हॉस्पिटलला धारेवर धरण्यात अर्थ नसतो.

केवड्याची_वाट

अण्णा, नंबर माझ्या सख्ख्या भावाचा होता. त्याला लिंक दुसऱ्या दिवशी दुपारी आली, म्हणजे ग्रुपवर फिरल्यानंतर.

फोटो स्क्रीनचा आहे, त्यावर आडव्या लाटांसारख्या रेषा दिसतात. सही नाही. आम्हाला मिळालेल्या पीडीएफवर पॅथॉलॉजिस्टची सही आहे आणि कोपऱ्यात क्यूआर कोड आहे. फोटोत दोन्ही नाहीत. छापल्याची वेळही नाही. ग्रुपवर टाकणारा म्हणतो, मला मेव्हण्याने पाठवला. मेव्हणा म्हणतो, आठवत नाही.

लॅबकोट

मी टेक्निशियन आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. तुम्ही सांगितलेलं खूप महत्त्वाचं आहे.

लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये निकाल दोन टप्प्यांत जातो. मशीनवर निकाल आला की टेक्निशियन तो भरतो. मग पॅथॉलॉजिस्ट तपासून मंजुरी देतात. मंजुरी मिळाली की सही आणि क्यूआर कोड चिकटतो, पीडीएफ तयार होते आणि रुग्णाला, डॉक्टरला लिंक सुटते. तुमच्याकडचा फोटो मंजुरीच्या आधीच्या पानाचा दिसतोय. रुग्णाला पाठवलेली पीडीएफ कुणी फोडली असती तर सही दिसली असती. म्हणजे ज्याला मंजुरीआधीचं पान उघडता येतं अशा लॉगिनवरूनच हे गेलंय.

पण एक पळवाट आहे, ती आधीच बंद करा. काही लॅब तातडीचा निकाल मंजुरीआधीच डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर कळवतात, कधी कधी स्क्रीनचा फोटो काढूनच. तसं झालं असेल तर फोटो हॉस्पिटलकडच्या कुणाच्या तरी मोबाइलवरूनही पुढे गेलेला असू शकतो. म्हणून अर्जात थेट विचारा, 'मंजुरीपूर्वी हा निकाल कोणत्याही माध्यमातून कुणाला कळवला का?'

दुसरं. सॉफ्टवेअरमध्ये नोंद असते की अमुक रिपोर्ट अमुक लॉगिनने अमुक वाजता उघडला. ती मागा, आणि लवकर मागा. सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी संगणकाच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. सीसीटीव्हीला मात्र असा धीर नाही, डिस्क भरली की जुनं पुसून नवं चढतं. त्या संध्याकाळचं चित्रण राखून ठेवा असं पत्र आजच द्या, चौकशी नंतर होऊ दे.

आणि एक घरचं दुखणं सांगतो. नोंद मिळाली तरी त्यात बहुतेक 'लॅब१' एवढंच निघेल. कित्येक ठिकाणी चौघे जण एकाच पासवर्डवर काम करतात आणि तो मॉनिटरला चिकटवलेला असतो. राजकोटच्या प्रसूतिगृहातले तपासणीच्या खोलीचे व्हिडिओ २०२५ च्या सुरुवातीला इंटरनेटवर विकले जात होते, तिथेही कॅमेऱ्यांचा पासवर्ड कुणालाही सुचेल असा होता. म्हणून नोंदीबरोबर त्या दिवसाची ड्युटी-यादी आणि हजेरीही मागा.

डॉ_खाडीपलीकडे

डॉक्टर म्हणून थोडी आमची बाजू. क्षयरोग २०१२ पासून सरकारला कळवणं बंधनकारक आहे. लॅबनेही कळवायचं, डॉक्टरनेही. क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नाव चढलं की आरोग्य सेवक घरी येतो, घरातल्या इतरांची तपासणी करतो. हे कायद्याने ठरवून दिलेलं काम आहे. लोक त्यालाच 'आमची माहिती फोडली' म्हणतात आणि त्या पोरावर ओरडतात. तक्रार करताना या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका.

बहिणीला सांगा, औषधं नीट सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत तिच्यापासून इतरांना लागण होण्याचा धोका बराच उतरतो. कामावर परतायला तिच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यात 'कामास योग्य' एवढंच लिहून मागा. आजाराचं नाव कारखान्याच्या फाइलीत जायची गरज नाही.

रजिस्टरवाले_अण्णा

डॉक्टर, नोंदणीचं पटलं. पण तुमच्यातलेही काही कमी नाहीत. डॉक्टरांच्या ग्रुपवर एक्स-रे टाकतात, त्यावर रुग्णाचं नाव छापलेलं असतं. 'इंटरेस्टिंग केस' म्हणे!

डॉ_खाडीपलीकडे

मान्य. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत ७.१४ हे कलम आहे. व्यवसायात कळलेलं रुग्णाचं गुपित उघड करायचं नाही. अपवाद तीनच: न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला ठोस धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार. तिसऱ्या अपवादातही कळवायचं ते आरोग्य यंत्रणेला, वाडीला नव्हे. ७.१७ मध्ये फोटोंचंही आहे, ओळख पटेल असा फोटो किंवा केस परवानगीशिवाय प्रसिद्ध करायची नाही. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. म्हणून २००२ चेच धरा.

कुडाळकर_वकील

धागा चांगल्या वळणावर आहे, कायद्याची बाजू मी जोडतो.

आधी निराशा करतो. एचआयव्हीसाठी जसा स्वतंत्र कायदा आहे तसा क्षयरोगाच्या गोपनीयतेसाठी नाही. त्यामुळे एकाच खिडकीवर काम होणार नाही. चुकलं कोण त्यावर दार ठरतं.

हॉस्पिटलकडून फुटलं असेल तर महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचे २०२१ चे सुधारित नियम लागतात. त्यात रुग्णहक्कांची सनद आहे, गोपनीयता त्यात येते. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा ग्रामीण भाग असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. डॉक्टर स्वतः दोषी असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. परिषद भरपाई देत नाही, फक्त डॉक्टरवर कारवाई करते, हे आधीच समजून घ्या.

लॅबचं अवघड आहे. नुसती पॅथॉलॉजी लॅब नर्सिंग होमच्या व्याख्येत बसत नाही आणि केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. पण रिपोर्टवर लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचं चिन्ह आहे का बघा. असेल तर त्या लॅबने आयएसओ १५१८९ हे मानक पाळायचं कबूल केलेलं असतं आणि गोपनीयता हा त्याचा भाग आहे. एनएबीएलकडे तक्रार करता येते. या तक्रारीला लॅबवाले पोलिसांपेक्षा जास्त घाबरतात, कारण मान्यतेवर त्यांचं दुकान चालतं.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यांत कामाचं दार म्हणजे ग्राहक आयोग. पैसे देऊन सेवा घेतली आहे. २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत एक उपकलम आहे, २(४७)(ix). ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित प्रथा. वकिलांनाही हे पटकन आठवत नाही. मुदत दोन वर्षांची, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. बहिणीची बुडालेली मजुरी तिथे मागता येईल. मालकाने घरी बसवल्याचं काही लेखी मिळतं का बघा, नाहीतर हजेरीपत्रकाची नक्कल.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३अ कलमही आहे, हलगर्जीपणाने संवेदनशील माहिती फुटली तर भरपाई. वैद्यकीय नोंदी त्यात येतात. तो दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो, म्हणजे मुंबईच्या खेपा. एका मजुरीसाठी मी तो सुचवणार नाही.

मुंबईचा_चाकरमानी

आणि तो नवीन डेटा संरक्षण कायदा? २५० कोटी दंड वाचला होता.

कुडाळकर_वकील

कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतात. दंडाचा आकडा वाचून हुरळू नका. तो सरकारी तिजोरीत जातो, रुग्णाच्या हाती काही येत नाही.

आशाताई_राजापूर

मी आशा आहे. असं काही झालं की पहिलं बोट आमच्याकडे होतं, म्हणून लिहिते. 'ही आली घरी, म्हणजे हिनेच सांगितलं.' अहो, आम्हाला तरी कधी कळतं? नोंद वरून खाली यायला दिवस जातात.

पण एक बोलायचं आहे. निक्षय मित्र योजनेत क्षयरुग्णांना पोषण आहाराची पाकिटं देतात. चांगली गोष्ट आहे, रुग्णाची संमती घेऊनच 'मित्र', म्हणजे मदत देणारा, जोडायचा असतो. पण वाटपाचा फोटो काढतात! पाच रुग्ण रांगेत उभे, हातात डाळ-तेलाची पिशवी, मागे बॅनर, आणि बॅनरवर ठळक अक्षरात 'क्षयरोग'. संध्याकाळी तो फोटो गावभर. मदत घ्यायला दिलेली संमती म्हणजे फोटोला दिलेली संमती नव्हे, हे मी आमच्या मीटिंगमध्ये बोलले. तेव्हापासून आमच्याकडे पिशव्यांचा फोटो काढतात, माणसांचा नाही. पाहुण्यांना थोडा राग आला, येऊ दे.

गजालीवालो

आशाताय, तुमका दंडवत. आमच्याकडे तर ओपीडीत भायरसून आजाराचा नाव घेवन हाक मारतत. 'शुगरवाले कोण? टीबीवाले कोण?' सगळी रांग मागे वळान बघता.

केवड्याची_वाट

सर्वांचे आभार. लॅब, कलेक्शन सेंटर आणि हॉस्पिटल, तिघांना वेगवेगळं पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने दिलं. वकीलसाहेबांनी मसुदा बघून दिला. पत्रात आरोप केला नाही, फक्त चार गोष्टी मागितल्या: रिपोर्ट उघडल्याची नोंद, ड्युटी-यादी, चित्रण राखून ठेवण्याची विनंती आणि मंजुरीआधी निकाल कुणाला कळवला का. बहिणीच्या सहीनेच दिलं, कारण तिच्या संमतीशिवाय मला तिची माहिती द्यायला ते बांधील नाहीत, उलट देऊच नये.

हॉस्पिटलचं उत्तर छापील साच्यातलं. कलेक्शन सेंटरचं उत्तरच नाही. लॅबचं उत्तर मात्र वाचण्यासारखं आहे. त्यांनी लेखी कळवलंय की मंजुरीपूर्वी निकाल डॉक्टरांना किंवा कुणालाही कळवलेला नाही. आणि त्या संध्याकाळी तो निकाल लॅबबाहेरच्या एकाच लॉगिनवरून उघडला गेला. तो लॉगिन कलेक्शन सेंटरचा. लॅबने पुढे लिहिलंय की 'संबंधित केंद्रातील कर्मचाऱ्यावर योग्य ती कारवाई करण्यात येईल'. सेंटरवर नमुने पोचवणारा एक मुलगा आहे. ग्रुपवर टाकणाऱ्याचा मेव्हणा त्याचा मित्र असल्याचं कळलं. वाडीत आता सगळे त्या मुलाच्या नावाने बोलतायत.

रजिस्टरवाले_अण्णा

थांबा. इथेच बहुतेक चौकश्या आटोपतात आणि इथेच त्या आटोपू द्यायच्या नाहीत. त्या पोराने फोटो काढला असेलही. पण मंजुरीआधीचं पान कलेक्शन सेंटरला दिसायलाच का हवं? नमुना घेणं आणि पोचवणं एवढंच त्यांचं काम. ती परवानगी लॅबच्या मुख्य कार्यालयातून कुणीतरी दिली, तेव्हाच ती दिसते. एका लॉगिनवर तिथे किती माणसं बसतात हेही लॅबला ठाऊक असणार. मी पाहिलेल्या चौकश्यांत शेवटी वॉर्डबॉय निलंबित व्हायचा आणि कपाटाची किल्ली होती तिथेच खिळ्याला लटकत राहायची.

दुसरं पत्र लिहा. तीन प्रश्न. कलेक्शन सेंटरच्या लॉगिनला मंजुरीपूर्व निकाल दिसण्याची मुभा कुणी आणि कधी दिली? त्या लॉगिनचा पासवर्ड किती जणांकडे होता? आणि आमच्या पत्रानंतर ती मुभा काढली का?

लॅबकोट

अण्णांशी शंभर टक्के सहमत. ती सेटिंग बदलायला पाच मिनिटं लागतात. सेंटरवाल्यांना ग्राहकाला 'रिपोर्ट तयार होतोय' असं सांगता यावं म्हणून ती चालू ठेवतात. खरं तर त्यासाठी 'प्रक्रियेत' एवढा शब्द पुरतो, निकाल दिसायची गरज नाही.

त्या मुलाला सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण त्याने एकट्याने केलं असं लिहून घेऊन फाइल बंद करू नका.

कुडाळकर_वकील

कायद्यानेही तेच सोयीचं आहे. सेंटर लॅबच्या नावाची पाटी लावून काम करतं, त्यामुळे ग्राहक आयोगात लॅब पहिली प्रतिवादी, सेंटर दुसरं. मुलाला प्रतिवादी करू नका, त्याच्याकडून भरपाई निघणार नाही आणि लॅबला त्याच्यामागे लपायला जागा मिळेल. हॉस्पिटलला तूर्त वगळा, त्यांच्याविरुद्ध कागद नाही. लॅबचं ते उत्तर जपून ठेवा, तुमच्या तक्रारीचा तोच पाया आहे.

तक्रारीबरोबर एक वेगळा अर्ज जोडा, की आदेशात आणि संकेतस्थळावर तक्रारदाराचं नाव झाकावं. आयोग दर वेळी ऐकेलच असं नाही, पण मागायला हरकत नाही.

केवड्याची_वाट

नावाचीच तिला भीती होती. दुसरं पत्र आज पाठवते. कामाचं सांगायचं तर डॉक्टरांनी 'कामास योग्य' एवढंच लिहून दिलं. मालकाने तिला घेतलंय, पण सोलणीच्या टेबलावरून काढून पॅकिंगला टाकलं. तिथे मजुरी कमी आहे. तेही तक्रारीत घालायचं का?

कुडाळकर_वकील

घाला. जुन्या आणि नव्या मजुरीच्या पावत्या जोडा, फरकाचा हिशेब वेगळ्या कागदावर मांडा.

सावली_२

नवीन सदस्य आहे. हाच प्रश्न एचआयव्हीच्या बाबतीत आला तर? माझ्या ओळखीत एका हॉस्पिटलात खाटेच्या डोक्याशी लाल पट्टी लावली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल अशी.

कुडाळकर_वकील

तिथे कायदा बराच धारदार आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. लेखी संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही, अपवाद अगदी मोजके. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि वर याच कायद्याखालचा राज्याचा लोकपाल आहे, त्याने तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो. खाटेवरची पट्टी म्हणजे न बोलता केलेली घोषणाच. फोटो काढायचा तर पट्टी आणि खाटेचा क्रमांक येऊ दे, रुग्णाचा चेहरा नको. बाकी सविस्तर वेगळा धागा काढून विचारा, इथे हा विषय हरवेल.